कैलासवासी गुरुजींचा डांबरी रस्ता

अन् वरून मलेच म्हणतात, श्रीधर, तू गुरुजींले मारलं! मी? तुमाले सांगतो भाऊ, मी साध्या मुंगीले मारत नाही... मी फक्त एक रकाना भरला. मान वर करून सांगितलं असतं, पण सध्या जमत नाही, काहून ते शेवटी सांगतो. तर रकाना रिकामा ठेवायचा नाही, हे मले शिकवलं कोणी? खुद्द रुपराव गुरुजींनी! बत्तीस वर्षं शिकवलं त्यांनी, अख्ख्या गल्लीच्या हातावर त्यांच्या रुळाचे वळ. "येत असो की नसो, काहीतरी लिहायचं! रिकाम्या रकान्याले भोपळा!" मंग? लिहिलं मी काहीतरी!

नाही, पण पहिले आमचा रस्ता ऐका. इतवारीच्या मागं आमची गल्ली. रस्ता म्हणजे काय, गड्डेच गड्डे, अन् मधात मधात आठवण म्हणून थोडासा रस्ता. तुरीच्या डाळीचा हातठेला आत शिरला तर निम्मी डाळ खाली, ती खाऊन खाऊन आमच्या कोंबड्या बैलासारख्या चालत. शेजारच्या कांताबाईचा पाय तीनदा मुरगळला, तिन्ही वेळा त्याच गड्ड्यात, आता ती त्याले घरच्या माणसासारख्या शिव्या देते. गुरुजी रिटायर झाल्यावर नगरसेवक झाले. नळ आणला, दिवे आणले, बायांसाठी साक्षरतेचा वर्ग काढला... पण रस्ता? पाच वर्षं अर्ज करकरून थकला माणूस. पुढच्या चुनावात पडले, तर दारोदार हात जोडून म्हणाले, "रस्ता तेवढा राहून गेला गा..." लागलं भाऊ मनाले.

म्हणून मी नव्या नगरसेवकाकडं गेलो, मनोहररावाकडं. निवडून आल्यापासून गल्लीत पाय नाही टाकला त्यानं. टाकला असता तर मुरगळलाच असता म्हणा! म्हटलं, रस्ता द्या. तो पान चघळत म्हणतो, "अबे, नुसता रस्ता कसा भेटंल? कोणाचं तरी नाव दे त्याले! नाव म्हणजे पाटी, पाटी म्हणजे उद्घाटन, उद्घाटन म्हणजे मोठे साहेब, साहेब म्हणजे त्यांची मोटार, अन् मोटार म्हणजे डांबर!" काय गणित! म्हटलं, नाव तर तयारच आहे आपल्याकडं.

हाफिसात गेलो, क्लार्कनं फारम दिला. नाव, भरलं. शिक्षण, भरलं. समाजकार्य, मागच्या पानावरही भरलं. अन् शेवटी... "मृत्यूची तारीख." म्हटलं, साहेब, हे राहू द्या ना. तो चष्म्यावरून पाहून म्हणतो, "जिवंत माणसाचं नाव रस्त्याले देत नाही. उद्या त्यानं काही गडबड केली, तर रस्ता कुठं लपवायचा?" आता तुमीच सांगा! एकीकडं अख्खा रस्ता, एकीकडं चार बोटं रकाना... अन् रिकामा ठेवायचा नाही... भरला! गुरुजी तेव्हा मोतीबिंदूच्या आपरेशनसाठी कोराडीले पोरीकडं गेले होते. म्हटलं, त्यांले कुठं दिसून राहिलं?

महिन्याभरात डांबर, बाप्पा! गरम गरम, काळं काळं! पंगतीत जिलेबीची पाहतात तशी गल्ली वाट पाहून राहिली. पण मनोहरराव पक्का! मधातल्या विहिरीपर्यंत अर्धा रस्ता केला अन् म्हणे, "बाकीचा उद्घाटनानंतर." म्हणजे माझं घर, कांताबाईचं घर, गुरुजींचं घर, सगळे गड्ड्यातच! मंग अख्ख्या गल्लीनं तोंडाले कुलूप लावलं. कांताबाईनं तर फोटोसमोर रडायची तालीमही केली.

रविवारी कार्यक्रम. मंडप, माइक, मोठे साहेब, फोटोले हार... अन् पहिल्या खुर्चीवर येऊन बसलं कोण? काळा चष्मा, हातात पिशवी... रोज दोन घंटे लेट येणारी कोराडीची बस त्याच दिवशी टायमावर! मनोहरराव कानात म्हणतो, "हे कोण बे? फोटोसारखेच दिसून राहिले!" म्हटलं, "धाकटे भाऊ." रकाना रिकामा ठेवायचा नाही ना! तर हा गडी सरळ माइकवर, "आता कैलासवासी गुरुजींचे बंधू दोन शब्द बोलतील!"

मेलो! जन्मात खोटं न बोललेला माणूस तो, भाऊ! शाळेचं छप्पर गळते हे दाखवायले तपासणीच्या साहेबाची खुर्ची बरोबर धारेखाली ठेवणारा माणूस! गुरुजी उठले. फोटो पाह्यला. पाटीवर "कैलासवासी" वाचलं. मंग चष्मा काढून रस्ता पाह्यला... अर्धा काळा चकचकीत, अर्धा गड्डे. कांताबाई तर आता खरंच रडून राहिली होती. अन् गुरुजी म्हणाले, "दादा जन्मात कधी खोटं बोलला नाही. मी... त्याच्याइतका सरळ नाही. त्याची एकच इच्छा राहिली. एवढा रस्ता पुरा करा."

टाळ्याच टाळ्या! बुधवारपर्यंत डांबर उंबरठ्याले टेकलं. मले वाटलं, सुटलो.

गुरुवारी बोलावणं आलं. गुरुजींनी हाफिसातून फारमाची नक्कल आणली होती, मृताचे भाऊ म्हणून! अन् हातात लाल शाईचा पेन. "श्रीधर, मले मारलं त्याचा राग नाही. रस्ता झाला. पण मी मेलो केव्हा? एकतीस एप्रिल? एप्रिलचे दिवस किती?"

"तीस, गुरुजी..."

"मंग मेलो कोणत्या दिवशी मी?"

आता क्लार्कनं पाह्यलं नाही, मनोहररावानं पाह्यलं नाही, मोठ्या साहेबांनी तर भाषणात दोनदा वाचली ती तारीख! पण मार कोणाले?

म्हणून भाऊ, हे सगळं तुमाले वाकून सांगून राहिलो. चोवीस वर्षांचा घोडा मी, भर रस्त्यात, त्याच पाटीखाली अंगठे धरून उभा! आठ दिवस, रोज संध्याकाळी पाच ते सव्वापाच. अन् कांताबाई येता-जाता विचारते, "काहून गा श्रीधर, काही हरवलं काय?"

काही नाही वं काकू... डांबर पाहून राहिलो. चांगलं टाकलं आहे. इतक्या जवळून कोणी पाह्यलं नसंल.