वरच्या पाड्याचा भोंगा

चंद्रकला : दार लावू नका, भावजी. डोंगराच्या भेगेवर बांधलेली दोरी तुटलीय.

बुधू : तुटू दे. मागल्या खेपेला पन असंच कायतरी झालं व्हतं ना, वैनी?

चंद्रकला : तवा दोरी नव्हती तुटली. पावसाचं माप लाल रेघेला लागलं, म्हनून भोंगा वाजवला मी. मुंबईच्या संस्थेनं तसंच शिकवलं व्हतं.

बुधू : आन् डोंगर जागचा हलला नाय. हलली माझी आय. उतारावर पाय सरकला, मांडीचं हाड मोडलं. ती बघ, पडलीय खाटेवर.

चंद्रकला : बघते ना. म्हनून तर आधी हितं आले. भोंग्याच्या बटनावर बोट ठेवलं, नि बोटच दाबंना.

बुधू : मुंबईवाल्यांनी भोंग्याला पैसे दिले, खाली शेड बांधायला दिले. मधल्या वाटेला पायऱ्या मागितल्या तर काय बोलले?

चंद्रकला : पुढल्या वर्षी बघू, बोलले. मी मीटिंगीत उठून बोलले, भावजी. संस्थेच्या माधुरीताई हो हो करत व्हत्या.

बुधू : हो हो करून चालता येतंय का माझ्या आयला?

मंगळी : कोन आलंय रे? चंद्री काय?

चंद्रकला : मीच हाय, काकू.

मंगळी : आत ये गो, भिजतेस कशाला? भेग केवढी झालीय?

चंद्रकला : सकाळी हात जाईल एवढी व्हती. आता धाकलूमामाची शेळी तिच्यात पाय अडकून वरडत व्हती. आन् झऱ्याचं पानी लाल येतंय. नुसती माती.

बुधू : हे आता सांगतेस?

चंद्रकला : तुमी बोलू दिलंत कुठं?

बुधू : तरी आज काय नाय झालं तर? लोकं भोंगा उचलून ओढ्यात टाकतील.

चंद्रकला : त्याचंच भ्या वाटतंय. वाजवला नि डोंगर नाय आला, तर परत कोन उठनार नाय. नाय वाजवला नि आला, तर... माझी पोरं पन याच पाड्यात हायत, काकू. मला काय सुचंना झालंय.

मंगळी : मग मला इचारायला आलीस?

चंद्रकला : माझ्यामुळं पडलात तुमी. तुमी नको बोललात तर...

मंगळी : तर काय, घरी जाऊन भात शिजवशील? मी हितं पडून कान देत असते. कालपासनं घराची कुडाची भिंत कुरकुरतेय. बुधूला बोलले नाय. बोलले असते तर त्यानं मला उचललं असतं, नि लय दुखतं गो. पडायचं भ्या वाटतं मला. पर गाडलं जायचं त्याहून जास्ती.

बुधू : आये, बोलायचं तरी!

मंगळी : आता बोलले ना. घोंगडीची झोळी कर, शेजारच्या अक्षयला हाक मार. चंद्रे, तू जा. वाजव.

(भोंगा वाजतो. नंतर, खाली रस्त्यालगतच्या शेडमध्ये.)

चंद्रकला : काकू, उशाला हे घ्या. लय दुखलं का?

मंगळी : दुखलं. बुधू मधी घसरला, पर मला सोडलं नाय.

बुधू : पुढल्या मीटिंगीला मी येतो तुझ्यासंगं, वैनी. पायऱ्यांचं मी बोलतो.

चंद्रकला : तोवर लोकं मला मीटिंगीला बोलावतील तर. बघा ना, समदे माझ्याकडंच बघतायत. धाकलूमामा इचारतोय, अजून किती येळ बसायचं.

मंगळी : बसू दे त्याला. शेड कोरडी हाय.

बुधू : गप... ऐकलंत?

चंद्रकला : ट्रक असंल. घाटाकडनं उतरत असंल.

बुधू : रस्त्याला काय नाय. वरनं आला आवाज. आये गो... अजून येतोय!

चंद्रकला : कुठल्या अंगाला? कोनाचं घर? या धुक्यात काय म्हनून काय दिसत नाय... भावजी, वर जाऊ नका! थांबा!

मंगळी : बुधू, बस खाली. चंद्रे, तू पन बस. आधी मानसं बघ. सगळी हायत?

चंद्रकला : भागी... दिपिका... तो बघा जगदीश, पोराला घेऊन. धाकलूमामा. आमचे हे, माझी पोरं... हायत, काकू. सगळी हायत.

मंगळी : मग धुकं राहू दे आजच्या दिस. घरं उद्या बघू.