येतो हं

हॅलो?… हो, बोल गं… येतंय ऐकू. राजवाड्यात आहोत… अगं, मस्त चाललंय. सकाळी जुनी वेस पाहिली, मग घड्याळांचं संग्रहालय, आता हा राजवाडा. पायांचे तुकडे पडलेत नुसते.

बाबा?… आहेत ना. इथेच… म्हणजे जरा पुढे गेलेत, सिंहासन बघायला. तुला माहितीये ना, कुठलीही वस्तू दिसली की त्यांना ती मागूनही बघायची असते… नाही, आत्ता नाही देता यायचा फोन. गर्दी आहे… हो, हो, घेतल्या गोळ्या… माझ्या आवाजाला काय झालंय? धूळ आहे इथे.

काय?… कुणाच्या फोनवरून?… तुला? कधी?… मग आधी बोलायचं नाही का? माझ्या थापा ऐकत बसलीस ते… नाही, रडत नाहीये. थांब, इथे पायरीवर बसते.

हो. राहिले मागे, संग्रहालयात. अर्धा तास झाला. त्यांचा फोन माझ्याच पर्समध्ये. मी बसमध्ये पुढे बसले होते, आमच्या ग्रुपमधल्या एका मास्तरीणबाईंशेजारी. उन्हाची टोपी घालेनात, त्यावरून सकाळी वाजलं आमचं, म्हटलं बसू देत मागे एकटे… हो, चुकलं माझं. तू म्हणालीच होतीस, हल्ली विसरतात, नेऊ नकोस. पण अगं ऐक ना, जन्मभर दुकानात मान खाली घालून लोकांची घड्याळं दुरुस्त केली त्यांनी. म्हटलं, एकदा तरी मान वर करून चार गोष्टी बघू देत.

गाइडला काय बोलणार? तो इथलाच, दक्षिणेतला. आपल्यासारख्या टूरवाल्यांसाठी मराठी शिकलाय. बस सुटायच्या आधी हे त्याला म्हणाले, "येतो हं," आणि चालले परत घड्याळं बघायला. त्याने यादीत खूण केली. येतो म्हणाले म्हणजे बसमध्ये येणारच… आता त्या बिचाऱ्याला काय माहीत, आपल्यात जाणारा माणूसच येतो म्हणतो… हसू नकोस. मलाही येतंय.

आहेत कुठे नक्की?… तिकीट खिडकीशी. बरं. रखवालदाराने बसवलंय… आणि तुझा नंबर त्यांनी तोंडपाठ सांगितला? दहाच्या दहा आकडे?… आणि माझा?… नाही गं, वाईट कशाला वाटेल… बरं, वाटलं थोडं… काय म्हणाले?… परत सांग.

"ती शेजारीच असते, तिचा नंबर कशाला लागतोय."

बरं. उठते मी आता.

हे बघ, गाइडने मागवलेली टॅक्सी आली. तोही येतोय बरोबर… तू त्यांना सांग, तिथून हलू नका. टोपी नाही घातली तरी चालेल म्हणावं. आणि यापुढे कुणाला येतो म्हणायचं नाही, सरळ सांगायचं, जातो…

नको. नको बाई. येतोच म्हणू देत.

चल, ठेवते. येते हं.