जावई आणि सुळ्यांची घटपर्णी

सुगीचा सण चार दिवसांवर आला होता. सरियनच्या बस थांब्यावर माझ्या मागे दोघी जणी बोलत होत्या.

“भात शिजवायला घटपर्णीचे घट आण म्हणून जावयाला धाडलं, तर तोंडाशी दोन सुळे असलेले घेऊन आला. देठातून मुंग्या निघाल्या!”

“शहरातला आहे गं तो, जिनेप.”

“पाणी ओतलं तरी मुंग्या हलेनात. झाडाच्या पोटात पोहतात, त्याच्याच तोंडचं खातात, आणि झाड काही त्यांना पचवत नाही.”

“अगदी तुझा जावईच की!”

“वर्ष झालं ठाण मांडून. सण झाला की निघ म्हणणार आहे.”

“मुंग्या निदान घटाची कड पुसून गुळगुळीत ठेवतात. म्हणून तर किडे घसरून आत पडतात.”

“हाही पुसतो. रोज जिना, साबण लावून.”

“मग?”

“परवा पाम तेलाच्या मळेवाल्यांचा माणूस तिसऱ्यांदा जमीन मागायला आला. वरच्या पायरीवरून थेट घराखालच्या डुकरांच्या चिखलात.”

“अगंबाई! लागलं?”

“त्याला नाही फारसं. कागद गेले सगळे.”

“आणि जावयाला कधी घालवतेस?”

“ही पिशवी जरा धर. बारा साबण आहेत, जड झालीय.”