अक्काचं सोवळं

माहेर माझं लोह्याकडचं, दिलं मुखेडकडं. घरात आम्ही दोघी जावा, थोरलीला मी अक्का म्हनायची. काय सांगू तुम्हाला ताई, खुरपायला सोबत, सरपनाला सोबत, एका ताटात जेवलो, सख्खी बहीन करनार न्हाई असं तिनं माझं केलं, अन मी तिचं काय केलं ते आता ऐका.

आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात, तीन दिवस सोवळं लई कडक. बाई बाहेरची झाली की तिनं गोठ्यात बसायचं, पुरनाला हात लावायचा न्हाई. म्हनून दरसाली सन आला की मेडिकलातून पाळी लांबवायच्या गोळ्या आनायचो अन चुरमुऱ्यावानी खायचो. सासू गेली त्याच साली अक्काची पाळी गेली. अंगातून वाफा निघायच्या तिच्या, चुलीपुढून उठून पदर भिजवून मानेवर ठेवायची, उगं रडायची, दीर म्हनायचे हिचं डोस्कं फिरलं. पन अक्का खुश होती. म्हनायची, सुमन, सुटले बाई, आता नैवेद्याचा मान माझा, मरूस्तोर.

तीन साल तिनं पुरन शिजवलं. चवथ्या साली, महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिशी, मला गोठ्यामागं बोलावलं अन म्हनली, परत दिसलंय गं, थोडंच हाय. मी म्हनले, अक्का, गप बस. माझी पाळी अजून चालू, मान पाळी गेलेलीलाच, तू बाहेर बसलीस तर तो चुलत घरात जाईल, अन लोक म्हनतील तीन साल हिनं इटाळातच शिजवलं. वयाचं असंल, जाईल. मीच म्हनले, माझ्याच तोंडानं.

तिनं माझं ऐकलं. दुहेरी कापड घेऊन तिनं स्वयंपाक केला, अन देवीची माफी म्हनून मंगळवार धरले. ते दिसत राहिलं, ती उपास वाढवत राहिली. मी तिची कापडं धुतली, सरपनामागं वाळवली, तेवढंच केलं. पुढल्या सनाला उभं ऱ्हावंना, तवा नांदेडला नेलं. डॉक्टरीनबाई म्हनल्या, पाळी वर्षभर गेली की मग एक डाग दिसला तरी ती पाळी न्हाई, तवाच यायचं असतं, लवकर कळलं तर इलाज हाय. कधीपासून हाय हे? अक्कानं माझ्याकडं बघितलं. मी म्हनले, म्हयना झाला. तिथं पन खोटं बोलले ताई. पिशवीचा कॅन्सर, सगळीकडं पसरलेला. संक्रांत बघितली न्हाई तिनं. मला एक शब्द वंगाळ बोलली न्हाई, बोलली असती तर बरं झालं असतं.

आता माझी पन गेली, मान माझ्याकडं आला. हळदी-कुंकवाला बाया येतात, कुंकू लावायच्या आधी मी इचारते, पाळी गेली का, गेल्यावर परत दिसलं का? कोनी हसतं, कोनी लाजतं, दीर म्हनतात देवीपुढं काय घान बोलून राहिलीस. बोलते मी. औंदा सनाच्या सकाळी गल्लीतली एक केळीची पानं द्यायला आली, तिला इचारलं. खाली मान घालून म्हनली, हाव. पुरन चुलीवर होतं. तिचा हात धरला, सोवळ्यातच एसटीत बसले, नांदेड. तिचं काय निघतं ते अजून कळायचंय. घरी आले तर पुरन करपलेलं, सगळ्यांनी तोंड फिरवलेलं. दीर म्हनले, पुढच्या साली मान चुलत घरात. मी म्हनले, न्या. याच मानासाठी अक्काचं तोंड दाबलं मी.

तुमचे पन केस पिकलेत ताई. तुमची गेली का? मागं काही दिसलं न्हाई ना? लाजू नका, लिहायचं ठेवा बाजूला अन सांगा मला.