आजी, बावन्न किलो

दावत : गेल्या बुधवारी तुम्ही एक्केचाळीस किलो होतात, लिताद आजी. आज काटा बावन्न दाखवतोय.

आजी : आठवडाभर बरी जेवले.

दावत : आठवड्यात अकरा किलो?

आजी : यंदा आमच्या क्रायानला भात चांगला आलाय. आणि तुमच्या बकेलालनच्या विमानपट्टीचा काटा बिघडलाय.

दावत : छोटं विमान आहे, आजी. इथे सामानाबरोबर माणूसही मोजतात. अंगावर बांधून आणा, नाहीतर पिशवीत घाला, पायलटला सारखंच.

आजी : हे आधी नाही का सांगायचं? खिंड चढताना कंबर मोडली माझी!

दावत : आहे काय एवढं?

आजी : मीठ. आमच्या खाऱ्या झऱ्याचं. माझी लेक दोरीना बाळंत झालीय, तिकडे किनाऱ्याकडच्या लावासला, मुलगी झाली. बाळंतिणीला हेच मीठ लागतं.

दावत : थांबा, टोपी बदलतो.

आजी : ती कशाला?

दावत : निळी विमानाची, खाकी जकातीची. दोन्ही कामांना इथे मीच. हं, सांगा आता, सीमेपलीकडून काय आणलंत?

आजी : आत्ताच सांगितलं की!

दावत : ते निळ्या टोपीला सांगितलंत.

आजी : मीठ रे मेल्या, मीठ!

दावत : सीमेवरच्या माणसाला पासावर पाच किलो चालतं. घरच्या वापरापुरतं.

आजी : आमच्या घरात जास्त लागतं. चार म्हशी आहेत, त्याही मीठ चाटतात.

दावत : त्या निघाल्यात का लावासला?

आजी : फार बोलतोस.

दावत : बरं, परत निळी टोपी. विमानात बेचाळीस किलोंची जागा उरलीय. म्हणजे तुम्ही आणि किलोभर मीठ.

आजी : मग असं कर, मीठच जाऊ दे. मी राहते.

दावत : काय?

आजी : सगळं पाठव. जावई येऊन घेईल. मी आपली ऊन चढायच्या आत खिंड ओलांडते.

दावत : (खाकी टोपी घालत) माणसाबरोबरचं मीठ घरगुती. नुसतं मीठ म्हणजे व्यापार, त्याला परवाना लागतो.

आजी : काढ आधी ती टोपी!

दावत : काढली. आजी, गेल्या बुधवारीही वजन करून परत गेलात. म्हणालात, कोंबड्या उघड्या राहिल्या.

आजी : होत्याच उघड्या.

दावत : विमानाची भीती वाटते का?

आजी : विमानाला कोण भितंय? दोरीनाची वाटते.

दावत : पोटच्या पोरीची?

आजी : तीन वर्षं बोललो नाही आम्ही. किनाऱ्यावरच्या ट्रकवाल्याशी लग्न केलं तिने. भाताचं रोप कुठलं नि गवत कुठलं, कळत नाही त्याला. मी म्हटलं, सीमा ओलांडलीस तर मला आई म्हणू नकोस. जन्मात माझं एक ऐकलं नाही पोरीने, तेवढं मात्र ऐकलं.

दावत : मग बोलावलं कोणी?

आजी : जावयाने निरोप धाडला, तिने नाही. मीठ घेऊन गेले तर दार तरी उघडेल. नुसती मी काय म्हणून जाऊ?

दावत : तिचा नंबर सांगा.

आजी : नको रे... त्या पिशवीत बघ, बायबलात चिठ्ठी आहे. पण मी बोलणार नाही हं.

दावत : मी बोलतो. हॅलो, दोरीना? विमानपट्टीवरून दावत बोलतोय. तुझी आई आलीय, अकरा किलो मीठ घेऊन. एवढं विमानात मावत नाही... हो, समोरच आहे, काट्यावर उभी... बरं. सांगतो.

आजी : काय म्हणाली?

दावत : म्हणाली, मीठ इथे दुकानात मिळतं.

आजी : बघ! आण माझा पास इकडे. चालले मी.

दावत : पुढचं तर ऐका. म्हणाली, आईला गाडी लागते. बसायच्या आधी तोंडात आल्याचा तुकडा धरायला सांगा.

आजी : अजून आठवतं तिला?

दावत : आजी, विमान उतरतंय बघा.

आजी : जरा तिकडे तोंड कर रे. कमरेच्या मिठाच्या गाठी सोडू दे मला.