सरसाचं भांडं

गाडीत ठेवलं होतंत ना वाद्य? बंद गाडीत, उन्हात? नाही? मग खिडकीशी असणार—खिडकीशीही नाही, बरं—पण काहीतरी झालंच असणार, त्याशिवाय तारांखालच्या घोडीवरची हाडाची पट्टी अशी वाजवता वाजवता सरकत नाही. सगळ्या तारा उतरल्या म्हणता, काल, भर मंचावर? आणि आज संध्याकाळी पुन्हा कार्यक्रम? अरेरे. बसा, बाई, स्टूल तेवढं पुसून घ्या, भुसा असेल. दारातच कशाला उभ्या राहिलात? आणि तो रुमाल—सर्दी झालीय वाटतं. या हवेत होतेच, गरम पाणी पीत जा. तर काय सांगत होतो—हां, पट्टी. मीच बसवलीय, मी कुठे नाही म्हणतोय? पण मी बसवलेली पट्टी सुटत नाही. वडिलांच्या हातची कधी सुटली नाही, माझ्याही नाही. म्हणजे, आत्ताआत्तापर्यंत तरी नाही.

हाडाचं आणि लाकडाचं जमवून देणं सोपं नसतं हो. हाड मुळात तेलकट—ते स्पिरिटने पुसायचं, खालून घासून खरबरीत करायचं. लाकूड हवेबरोबर फुगतं, आखडतं, हाड मात्र जागचं हलत नाही. मग दोघांना धरून ठेवेल असं काय लावायचं? बाजारात बाटल्या ढीगभर आहेत, एक थेंब टाकला की चिकटलं. चिकटतं, नाही कोण म्हणतंय—पण पुढे? तारांनी हाडाला चरे पडतात, कधी ना कधी पट्टी काढावीच लागते, आणि खाली बाटलीतलं असेल तर पट्टीबरोबर लाकडाचा टवकाच निघून हातात येतो. सरस तसा नाही. जनावराच्या कातड्याचा असतो तो, गरम सुरी आणि थोडं पाणी लावलं की निमूटपणे सोडतो. समोरच्या दुकानातला—माझा धाकटा भाऊ तो, सख्खा—तो बाटलीतलं वापरतो. गिऱ्हाइकाला घाई असते म्हणे. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, तो वाद्यं नाही, चपला चिकटवतो. तुम्हालाही सांगितलं असेल, माझी जीभ कुठे आवरते.

दाखवा बरं इकडे. हा बघा, खाली सरस आहे, पण कसा—नखाने टोकरला तरी भुगा होतोय. चांगल्या सरसाचा काचेसारखा तुकडा उडतो. हाड तेलकट राहिलं असेल—नाही, स्पिरिट मी स्वतः लावलं होतं. मग सरसच. पण भांडं तर हे तुमच्या समोर आहे, मंद आचेवर, पाण्यात बसवलेलं, एकदाही उकळू दिलेलं नाही. ताजा आहे का? म्हणजे, असं आहे—मी त्यातच भर घालत जातो. वडीलही घालायचे. सकाळी झाकण काढून वास घ्यायचा, वास फिरला की सगळं ओतून द्यायचं आणि भांडं घासायचं. सरस नासला की त्याचा जोर जातो, दिसायला मात्र बराच काळ तसाच दिसतो. म्हणून नाकावर भिस्त.

घेतो ना, रोज घेतो वास. झाकण काढतो, वाकतो—आणि काय सांगू. थंडीत ताप आला होता, तेव्हापासून मला वासच येत नाही. कशाचाच नाही, दूध करपलं तरी कळत नाही. बायको इथे असती तर आतूनच ओरडली असती, ते भांडं ओता आधी म्हणून—जन्मभर ओरडली, आणि जन्मभर मी तिच्यावर खेकसलो. ती लेकीकडे गेलीय, नातवाला सांभाळायला. फोनवर विचारते तब्येत कशी आहे, मी म्हणतो ठणठणीत. कोणत्या तोंडाने सांगू? शिंप्याने सुईत दोरा ओवता येत नाही म्हणावं, तसं ते. म्हटलं, येईल परत, तोवर अंदाजाने चालवू. तुमच्याआधीही पट्ट्या सुटून आल्या—हो, आल्या—आणि त्यांनाही मी हेच विचारलं, गाडीत ठेवलं होतं का, उन्हात ठेवलं होतं का. एक म्हातारे गृहस्थ तर माझीच माफी मागून गेले, नीट सांभाळलं नाही म्हणून. आणि मी ती मागू दिली, बाई. वर त्यांना सांगितलं, पुढच्या वेळी काळजी घ्या.

परवा धाकटा आला होता. किती वर्षांनी इकडची पायरी चढला, पण आत नाही आला, उंबऱ्यावरच थांबला. म्हणाला, "दादा, सरस बदल. एवढंच सांगायला आलो." बस, माझं डोकं फिरलं. माझ्या दुकानात येऊन मला शिकवतो? त्याला काय काय बोललो ते विचारू नका, शेजारपाजारचे बाहेर आले. तो नुसता नाकाला रुमाल धरून उभा होता, मला वाटलं नाटकं करतोय, मुद्दाम दाखवतोय लोकांना, रुमाल काय धरतो—

बाई, तुम्हाला सर्दी नाहीये ना?

नको, राहू द्या, बोलू नका. कळलं मला. दारातूनच येत होता? रस्त्यावरूनही? आणि मी तुम्हाला गरम पाणी प्यायला सांगतोय. एवढा वेळ या वासात बसलात—इतकं कशाला सांभाळून घेतलंत मला? जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालंय. त्या म्हाताऱ्यांनाही येत असणार. सगळ्यांनाच येत असणार.

उठा, इथे बसू नका. ही घोडी, ही पट्टी—थांबा, कागदात बांधून देतो. समोर जा, धाकटा असेल दुकानात. बाटलीतलं लावलं तरी लावू दे, आज धरेल, काढायची वेळ येईल तेव्हा बघू. नाहीतर त्याला म्हणावं, सरस लाव—त्यालाही वडिलांनीच शिकवलंय, विसरला नसेल. मी पाठवलंय म्हणून सांगा. नको, सांगू नका. सांगा—म्हणावं, दादाने भांडं ओतलं. निघा आता, तुम्हाला उशीर होतोय. आणि जाताना दार लोटू नका. उघडंच राहू दे.