नव्वद फुटांवरची ओल

(सखूबाईचं अंगण. मेंढवाड्याचं फाटक सताड उघडं.)

सखूबाई : बोअरला पाणी लागलं असतं तर माझ्या अठ्ठावीस मेंढरांचा उन्हाळा निघाला असता, आन पाणाडी म्हणून तुमचं नाव पार कन्नड तालुक्यापातुर गेलं असतं. जास्त फायदा तुमचाच व्हता, तात्यासाहेब.

तात्यासाहेब : पाणी दाखवायचा मी कधी कुणाकडून रुपया घेतला?

सखूबाई : म्हणून तर महागात पडलात. रुपयावाला नव्वद फुटांवर थांबला असता.

तात्यासाहेब : नारळ तळहातावर उभा राहिला, तिथं खूण केली.

सखूबाई : आधी विहिरीपाशी उभा राहिला व्हता. मी बघत व्हते. तुमी तसंच चालत रोडच्या कडेला आलात. बाजाराला जाणाऱ्यांना फवारा दिसावा म्हणून.

तात्यासाहेब : दिसला असता.

सखूबाई : नव्वदला ओल लागली. बोअरचा गाडीवाला म्हणाला, मेंढरांपुरतं हाय, थांबू का? तवा तुमी काय म्हणालात?

तात्यासाहेब : म्हणालो, हे नुसतं झिरपतंय. खाली घ्या.

सखूबाई : पाचशेपातुर घेतलं. नुसती काळी भुकटी. आठ दिसांत माझी विहीर बी गेली. सासऱ्यानं खांदलेली. उन्हाळ्यात उतरायची, पर आटली नव्हती कधी.

तात्यासाहेब : नात आली होती. श्रेया, शहरात खडकाचंच शिकते. म्हणाली, आजोबा, वरचं पाणी खालच्या पाषाणानं तोलून धरलं होतं. तुम्ही त्याच्या बुडाला भोक पाडलंत.

सखूबाई : रांजण फुटल्यागत.

तात्यासाहेब : तसंच. बोअर बुजवायचं कसं, तेही सांगून गेलीय. माणसं मी लावतो. तोवर मेंढरं माझ्या विहिरीवर आणा.

सखूबाई : तुमच्या विहिरीला किती हाय?

तात्यासाहेब : काल तळ दिसला. मेंढरांपुरतं आहे अजून.

सखूबाई : आन आज तुमी आलात. व्हय?

तात्यासाहेब : व्हय. आधी यायला पाहिजे होतं.

सखूबाई : बसा. चहा ठेवते, तेवढं पाणी हाय.

तात्यासाहेब : मेंढरं चरायला गेली का?

सखूबाई : गेल्या बाजाराला इकली. त्याच रोडनं नेली. बोअरापाशी समदी अठ्ठावीस थांबली, तात्यासाहेब. ओलीचा वास येत असंल. हाकलावी लागली.